बसूअण्णांची पुली

बसूअण्णांच्या घरात कुठलीही वस्तू कंपनीने ठरवलेल्या वेगाने चालत नाही.

छताचा पंखा एकवर ठेवला तरी तीनवर असल्यासारखा फिरतो. महेश्वरीवहिनी घरी टॉवेलच्या कडा शिवतात. त्यांच्या शिलाई मशीनला बसूअण्णांनी मोठी मोटर बसवली आहे. वहिनी नुसता पाय टेकवतात आणि कड त्यांना न विचारता शिवून होते. एकदा मिक्सरला कुठल्याशा बंद पडलेल्या यंत्राची मोटर जोडली आणि शेंगाची चटणी करायला घेतली. चटणी झालीच नाही. तेल निघालं, आणि उरलेलं छताला जाऊन चिकटलं. डाग अजून आहे. मी वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलो त्या दिवशी तो डाग बघून विचारलं, "हे काय?"

"प्रगती," वहिनी म्हणाल्या.

मी वैराग गावचा. मराठीत एम.ए. केलं. सोलापुरात एका कॉलेजात तासांवर शिकवतो. तास कमी आहेत, वेळ फार आहे. त्यामुळे दोन वर्षं झाली, बसूअण्णांकडे बघत राहणं हा माझा मुख्य उद्योग आहे. मला यंत्रातलं कळत नाही. त्यांना कवितेतलं कळत नाही. आमचं बरं चालतं. ते मला साहित्यिक म्हणतात.

"ए साहित्यिक, चौदाचा पाना दे."

मी देतो. बहुतेक वेळा तो बाराचा असतो.

बसूअण्णा जॉबर आहेत. यंत्रमाग दुरुस्त करणारा, त्याला वेग लावून देणारा माणूस म्हणजे जॉबर. सिद्धप्पा मालकांच्या टॉवेलच्या कारखान्यात त्यांची वीस वर्षं गेली. माग सुस्तावला की मालक नवा माग घेत नाहीत, बसूअण्णांना हाक मारतात. बसूअण्णा मोटरची पुली काढून तिच्यापेक्षा मोठी बसवतात. पट्टा जोरात फिरतो. माग पळायला लागतो. सात नंबरचा माग त्यांचा सगळ्यात लाडका. त्याचा खडखडाट त्यांनी मोबाईलमध्ये भरून ठेवला आहे. पाहुणे आले की ऐकवतात. पाहुणे चहा लवकर संपवतात.

त्यांचं म्हणणं एकच. "नवी वस्तू कोणबी घेतो रे. हाय त्याच्यातनं काढतो, तो जॉबर."

या म्हणण्याला घरात एकच माणूस विरोध करायचा. त्यांची आई, अक्कम्मा. वय सत्तरीच्या पुढे. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. ती मराठी बोलते, कन्नड बोलते आणि रागावली की दोन्ही एकदम बोलते. तिने त्याच कारखान्यात तीस वर्षं कांड्या भरल्या. कांडी म्हणजे टॉवेलच्या आडव्या धाग्याची लहानशी गुंडाळी. ती मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते. संपली की माग थांबतो, आणि दुसरी भरलेली कांडी मिळेपर्यंत उभा राहतो. अक्कम्माचा एक शब्द दिवसभर घरात फिरत असतो. "निधान." म्हणजे सावकाश. बसूअण्णांनी घास उचलला की निधान. गाडीला किक मारली की निधान. हा शब्द ऐकून बसूअण्णांनी काही सावकाश केलं, असं मी पाहिलं नव्हतं.

वीस वर्षांच्या खडखडाटाने त्यांचा डावा कान जवळजवळ गेला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शेडमधून बाहेर पडा, नाहीतर उजवाही जाईल.

"बाहेर पडून काय करू? भजन?" बसूअण्णांनी डॉक्टरांना विचारलं होतं. पण घरी येऊन दोन दिवस त्यांनी कशाचीच मोटर बदलली नाही. तिसऱ्या दिवशी बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून जुना कॉम्प्युटर उचलून आणला.

मग त्यांनी जे केलं, ते बघून मी थक्क झालो. आठवी शिकलेला माणूस. मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत टॉवेलची डिझाईनं काढायला शिकला. पडद्यावर बारीक चौकटींची जाळी असते. एक चौकट म्हणजे एक धागा. त्या लाखभर चौकटींत बसूअण्णा वेली काढू लागले, बुट्टे काढू लागले. पहिला मोर काढला तेव्हा सगळ्यांना बोलावलं.

"कोंबडी बरी काढलास," अक्कम्मा म्हणाली.

पण पुढचे मोर मोरासारखे होत गेले. कुठला धागा कुठे तुटेल, कुठे झोल पडेल, हे बसूअण्णांना आधीच ठाऊक असायचं. तसा डिझायनर शहरात शोधून मिळाला नसता.

हे सिद्धप्पा मालकांच्या कानावर गेलं. त्यांचा डिझायनर सुरतेला निघून गेला होता. काचेच्या खोलीतली त्याची खुर्ची रिकामी होती. खोलीचं दार लावलं की मागांचा आवाज आत येत नाही.

मे महिन्यातला बुधवार होता. मालकांनी बसूअण्णांना बोलावून सांगितलं, "सोमवारी अकरा वाजता केरळातनं एक बाई येणार हायत. मोठ्या हॉटेलांसाठी टॉवेल घेतात. सहा डिझाईनं दाखव. एकेक सहा सहा रंगांत. कापड विणल्यावर जसं दिसंल तसं पूर्ण चित्र पायजे. जमलं तर ती खुर्ची तुझी."

"आन न्हाय जमलं तर?"

"इचलकरंजीचा एक माणूस बघून ठेवलाय. मग तू आन तुझा पाना."

सहा डिझाईनं, सहा रंग. छत्तीस चित्रं. डिझाईनं तयार होती. पण कापडाचं चित्र बनवायचं बटण दाबलं की बसूअण्णांचा कॉम्प्युटर एका चित्राला चार तास घ्यायचा. मी कागदावर हिशेब केला. एकशे चव्वेचाळीस तास लागणार होते. सोमवारी अकरापर्यंत हातात होते एकशे तेरा.

"गणित बसत नाही, अण्णा."

"बसवू की," ते म्हणाले. आणि मला गाडीवर मागे बसवून नवी पेठेत घेऊन गेले.

तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. ते ऋतुजा चालवते. ती बार्शीची, डिप्लोमा झालेली, माझ्याच वयाची. बोलताना हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, डबा उघडून आत पाहिलं आणि दोन मिनिटांत सांगितलं.

"प्रोसेसर ठीक आहे, काका. रॅम फार कमी आहे, चारच जीबी. आणि हार्ड डिस्क जुनी आहे. रॅम वाढवा, डिस्कच्या जागी एसएसडी टाका. काम होईल."

"म्हणजे नवं घ्यायचं."

"दोन वस्तू."

बसूअण्णांचा चेहरा पडला. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला कुणी बाहेरून भाजी मागवायला सांगावी, तसा.

"ते ऱ्हाऊ दे. यात पळतं काय? मेन काय हाय?"

"प्रोसेसर."

"त्याचा वेग वाढवता येतो का?"

ऋतुजाने इथे चूक केली. ती खरं बोलली. "येतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. तुमच्या बोर्डावर ती सोय आहे. पण काका, तुमचं काम त्यानं होणार नाही. उलट तापेल. आणि सोलापुरात, मे महिन्यात..."

पुढचं तिने सांगितलं. मी ऐकलं. बसूअण्णांनी ऐकलं नाही. ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती, हे एक कारण असेल. पण मला वाटतं, "येतो" हा शब्द आत गेल्यावर त्यांचा उजवा कानही बंद झाला होता.

बाहेर आल्यावर ते गाडीला टेकून हसले. "साहित्यिक, पुली हाय रे यात. ती पोरगी लपवलाली होती."

गुरुवारी त्यांनी रजा टाकली. दुपारी बाहेर त्रेचाळीस अंश होते. मी तास संपवून आलो, तर कॉम्प्युटरचा डबा उघडा पडला होता आणि बसूअण्णा बनियनवर त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. शेजारी वही. वहीत दोन रकाने. वेग आणि ताप. पडद्यावर वेग बदलायचं निळं पान होतं आणि त्यावर सगळं इंग्रजी. त्यांना त्यातले चार शब्द कळत होते. तेवढे पुरेसे होते.

"मूळ वेग तीन पॉईंट तीन," ते म्हणाले. "चार पॉईंट दोनला न्यायचं. चार तासांचे तीन व्हतील. मग बसलं का न्हाय तुझं गणित?"

बसलं. एकशे आठ. हातातल्या एकशे तेरातला एक दिवस आधीच गेला होता, ते मी सांगितलं नाही.

ते आकडा थोडा वाढवायचे. कॉम्प्युटर बंद करून चालू करायचे. चालू झाला की वहीत टिक मारायचे. तिसऱ्या वेळी पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मी घाबरलो. बसूअण्णांनी शांतपणे बोर्डावरचा गोल सेल काढला, घड्याळात असतो तसला. दहापर्यंत मोजलं. परत बसवला. कॉम्प्युटरला झालेलं सगळं विसरायला झालं आणि तो पुन्हा शहाण्यासारखा सुरू झाला.

"माणसाला असा सेल पायजे होता," बाहेरून जाताना वहिनी म्हणाल्या. "तुमचा रोज काढला असता."

ताप वाढत होता. आधी टेबल फॅन आला. मग घरातला एकमेव कूलर ओढत आणून डब्यासमोर लावला.

"अहो, मी काय करू उकाड्यात?" वहिनींनी विचारलं.

"तू काय चार पॉईंट दोनवर चाललीयस?"

वहिनींनी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. कूलर गेला तशी अक्कम्मानेही आपली खाट त्याच्या मागोमाग हलवून घेतली. कॉम्प्युटर, कूलर आणि अक्कम्मा अशा एका ओळीत तीन वस्तू त्या खोलीत मांडल्या गेल्या. मग बसूअण्णा तांब्या घेऊन आले आणि कॉम्प्युटरभोवती फरशीवर हलक्या हाताने पाणी शिंपडू लागले.

"अण्णा! हे काय करलालाय?" दोन वर्षांत माझी बोलीही बिघडली आहे.

ते थांबले. हातातल्या तांब्याकडे पाहिलं. "शेडमधी शिंपतो की. हवेत ओल असली की सूत तुटत न्हाय."

"यात सूत नाही."

"सवय रे," ते म्हणाले. आणि उरलेलं पाणीही शिंपडून टाकलं. तांब्या अर्धा कसा ठेवायचा.

संध्याकाळी चार पॉईंट दोन जमलं. प्रोसेसरचा पंखा विमानासारखा घोंगावू लागला. बसूअण्णांनी उजवा कान डब्याजवळ नेला. डोळे मिटले.

"ऐक. सात नंबर, सात नंबर."

पहिलं चित्र लावलं. मी मोबाईलवर वेळ लावून बसलो. चित्र पूर्ण झालं तेव्हा तीन तास पन्नास मिनिटं झाली होती.

दहा मिनिटं वाचली होती. मी ते हळू आवाजात सांगितलं.

"अजून रुळला न्हाय तो," बसूअण्णा म्हणाले. "नवी पुली हाय. पट्टा बसायला येळ लागतो."

शुक्रवारी त्यांनी अजून वेग वाढवला. दुपारी तीन वाजता, एक चित्र पाऊण झालेलं असताना, कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. तापल्यामुळे. चित्र गेलं. वेग थोडा उतरवला. पुन्हा लावलं. पुन्हा गेलं. बसूअण्णा जेवले नाहीत. वहिनींनी ताट आणून शेजारी ठेवलं. टोमणा मारला नाही. तेव्हा मला काळजी वाटू लागली.

शनिवारी दुपारी बारा वाजता सहा चित्रं झाली होती. तीस राहिली होती. हातात सत्तेचाळीस तास होते. हिशेब करायला या वेळी कागद लागला नाही.

बसूअण्णा भिंतीला टेकून बसले होते. मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "इचलकरंजीचा माणूस चांगला असंल."

खाटेवरून आवाज आला. "बसू."

"झोप की आई."

"कशी झोपू? तीन दिस झालं, हे कर्र कर्र करलालंय."

"पंखा हाय तो."

"पंखा घूं करतो. मला कळत न्हाय व्हय? ह्ये दुसरं हाय. कर्र. थोडं थांबतंय. परत कर्र."

बसूअण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तो आवाज येत नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांच्या कानांपर्यंत फक्त मोठा आवाज पोचायचा. मी वाकून ऐकलं. होता. पंख्याच्या घोंगाटाखाली, बारीक, खरवडल्यासारखा.

अक्कम्मा उठून बसली. "यात माग कुटला?"

बसूअण्णांनी कंटाळून प्रोसेसरवरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. "त्यो. त्याच्या खाली हाय."

"आन कांडी कोण भरतंय?"

"काय?"

"कांडी रे. लई पळतोय म्हणतोस. त्याला सूत कोण देतंय?"

बसूअण्णांचं बोट हळूहळू खाली सरकलं. डब्याच्या तळाशी एक चपटी पेटी होती. हार्ड डिस्क.

"हितनं माल येतो."

"तीच कर्र करलालीय का?"

त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळलं असावं. "व्हय."

"म्हातारी हाय ती," अक्कम्मा म्हणाली. "तू मागाची पुली वाढवलास. म्हातारीचे हात वाढवलास का?"

ती थांबली नाही. तीस वर्षांचं साठलेलं होतं.

"सात नंबरला काय केलास? पुली बसवून चा प्यायला गेलास. मी आन दगडाबाई, दोघीच कांड्या भरणाऱ्या. माग पळतोय, कांडी संपतीय, माग उभा. परत पळतोय, परत उभा. शिव्या कुणाला? आमाला. मालक म्हणायचे, बसूनं वेग दिलाय, ह्या बायाच सुस्त."

"हे तू मला कधी बोलली न्हायस."

"बोलले की. डाव्या बाजूला होते वाटतं."

बसूअण्णा उठले. "साहित्यिक, ते टक्के दाखवणारं पान उघड."

तीन दिवस आम्ही फक्त वेग आणि ताप बघत होतो. हे पान कुणी उघडलंच नव्हतं. मी उघडलं आणि वाचून दाखवलं. रॅम, अठ्ठ्याण्णव टक्के. डिस्क, शंभर टक्के. प्रोसेसर, चौदा टक्के.

"चौदा?"

"चौदा."

"चार पॉईंट दोनवर पळणारा चौदा टक्केच पळलालाय? मग बाकीचा येळ?"

"उभा हाय," अक्कम्मा म्हणाली. आणि कूलरकडे तोंड करून आडवी झाली.

ऋतुजाचं दुकान शनिवारी उघडं होतं. तिने आम्हाला पाहिलं. नुसता स्क्रू ड्रायव्हर उचलला. डबा उघडून मात्र थबकली.

"काका, आत ओल कशी आली?"

"भोवती पाणी शिंपडलं हुतं."

"का?"

"सूत तुटू नये म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

तिने सगळं कोरडं केलं. रॅमच्या दोन पट्ट्या बसवल्या. जुन्या डिस्कमधलं सगळं एका नव्या, काड्यापेटीहून थोड्या मोठ्या डबीत उतरवून घेतलं. तासभर लागला. मी सांगितलं होतं ना, असं ती म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती म्हणाली नाही. उलट बसूअण्णांची वही घेऊन पानं चाळत बसली.

"हे तुम्ही एकट्यानं केलं? एका दिवसात?"

"व्हय की."

"आमच्या वर्गात दोघांनाच जमलं होतं."

बसूअण्णा लाजले. मी त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं. निघताना त्यांनी विचारलं, "प्रोसेसरचा वेग कितीवर ठेवू?"

"तुमच्या मनावर आहे."

त्यांनी तिच्या हातातून वही घेतली आणि मिटली. मग म्हणाले, "तीन पॉईंट तीन करून दे."

घरी येऊन चित्र लावलं. पंख्याचा आवाज नव्हता. कर्र नव्हती. इतकी शांतता होती की बसूअण्णांनी दोनदा वाकून, चालू आहे का, म्हणून पाहिलं. पंचवीस मिनिटांत चित्र झालं. गुलाबी टॉवेलवर मोर उभा होता. त्याच्या पिसातला एकेक धागा दिसत होता.

"अण्णा," मी म्हणालो. पुढे काही सुचलं नाही. मराठीत एम.ए. आहे मी.

"कूलर उचला आता," दारातून वहिनी म्हणाल्या.

रविवारी दुपारच्या जेवणाआधी छत्तीस चित्रं तयार होती.

सोमवारी डबा कारखान्यात न्यायचा होता. चित्रं पेन ड्राइव्हवर नेता आली असती. पण बाई तिथेच काही बदल सांगतील, असं बसूअण्णांचं म्हणणं होतं. डबा माझ्या मांडीवर, मी गाडीवर मागे. अक्कम्मा दारापर्यंत आली. "निधान," म्हणाली. त्या दिवशी बसूअण्णांनी एमआयडीसीपर्यंत गाडी अशी चालवली की एका सायकलवाल्याने मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

केरळच्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी एकेक चित्र पाहिलं. चौथ्या डिझाईनपाशी थांबल्या. ह्या बुट्ट्याचा काठ गडद निळा दिसेल का, असं त्यांनी मालकांना इंग्रजीत विचारलं. मालकांनी बसूअण्णांना मराठीत विचारलं.

"चा मागवा," बसूअण्णा म्हणाले.

चहा आला. खारी आली. मालक सोलापूरच्या उन्हाबद्दल बोलले, बाईंनी त्यांच्याकडच्या पावसाबद्दल सांगितलं. मी एकाच जागी बघत होतो. बसूअण्णांचा उजवा पाय टेबलाखाली हलत होता, मागाच्या ठेक्यात. दुसरा कप संपायच्या आत पडद्यावर गडद निळ्या काठाचा टॉवेल आला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "गुड," म्हणाल्या. हे मात्र कुणी भाषांतर करून सांगितलं नाही.

त्या गेल्यावर सिद्धप्पा मालक काचेच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"बस की," खुर्चीकडे हात करून ते म्हणाले. "बुधवारी तर म्हणलालास, चार तास लागतात. काय केलास?"

"आई बोलली."

मालक हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

बसूअण्णा बसले नाहीत. "आलोच," म्हणून शेडमध्ये गेले. मीही गेलो. त्या खडखडाटात त्यांनी सात नंबरचा माग थांबवला, पाना घेतला आणि मोठी पुली उतरवून जुनी, लहान पुली चढवली. दगडाबाई कांड्यांची टोपली काखेत घेऊन बघत होती.

"याला ऊन लागलं व्हय?" तिने ओरडून मला विचारलं.

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही नक्की माहीत नव्हतं.

मग ते आत जाऊन खुर्चीत बसले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी घरी पेढे आले. अक्कम्माने पेढा बाजूला ठेवला आणि माळ्याकडे बोट केलं. "माझा रहाट काढ."

"आता?"

"जॉबरला मजुरी मिळती. मला न्हाय मिळायची?"

वहिनींनी स्टूल धरलं. बसूअण्णांनी माळ्यावरून रहाट खाली काढला. कांडी भरायचं लाकडी चाक. जाळी झटकली. अक्कम्माने सुताची लडी आणि रिकामी कांडी समोर ठेवली.

"भर."

वीस वर्षं जॉबर. मागाचा असा भाग नाही ज्याला त्यांचा हात लागला नाही. पण कांडी त्यांनी एकदाही भरली नव्हती. ते मांडी घालून बसले. डाव्या हातात धागा धरला, उजव्या हाताने चाक फिरवलं. धागा तुटला.

"जुनं सूत हाय," ते म्हणाले.

अक्कम्माने गाठ मारून दिली. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा तुटला. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून हसू ऐकू येत होतं.

तिसऱ्यांदा अक्कम्मा खाटेवरून उतरली. त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि चाकावरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"निधान, बसू," ती म्हणाली. "निधान."

बसूअण्णांनी चाक फिरवलं. सावकाश. धागा कांडीवर चढत गेला.